फक्त बाण दिसतो

अंधार करायचा, हे माझं काम होतं. नेमणुकीच्या कागदावर 'तारांगण प्रदर्शक' असं भारदस्त नाव आहे. पण रविवारी दुपारी तीनच्या टळटळीत उन्हातून आलेल्या साठ-सत्तर सोलापूरकरांना एका गोल खोलीत बसवायचं आणि कुणी दचकणार नाही अशा बेतानं हळूहळू दिवस मावळवायचा, एवढंच मी सव्वीस वर्षं केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. अजूनही दुपारी तीन वाजले की माझा उजवा अंगठा आपोआप बटण फिरवल्यासारखा हलतो. आमचे हे म्हणतात, तुला वात झालाय.

ज्यांनी तारांगण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विद्यापीठाच्या आवारात आमची घुमटाची इमारत. आतून छत पांढरं आणि वाडग्यासारखं पालथं. मधोमध एक काळा गोळा, त्याच्या अंगभर बारीक भोकं आणि भिंगं, पोटात दिवा. दिवा लावला की प्रत्येक भोकातून एक चांदणी छतावर जाऊन बसते. गोळा फिरवला की चांदण्या उगवतात, मावळतात. माझ्या हातात एक विजेरी असायची, तिच्यातून बाणाच्या आकाराचा उजेड पडायचा. तो बाण फिरवत मी सांगायची, हा ध्रुव, हे सप्तर्षी, ही कृत्तिका. यंत्र म्हणून याहून जास्त काही नाही. पण दिवा मंदावत जातो, कुजबुज थांबते आणि मग सत्तर माणसं एकदम श्वास आत घेतात. तो आवाज मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकला आणि त्याचा मला कधीही कंटाळा आला नाही.

माणसं मात्र नाना तऱ्हेची यायची. बार्शीचे एक गुरुजी मुलांची रांग घेऊन आत शिरताना बजावत होते, "आभाळाला हात लावायचा नाही, कळलं का?" सांगोल्याकडच्या बचत गटाच्या बायका आल्या होत्या. त्यांनी पूर्ण खेळ शांतपणे पाहिला आणि शेवटी त्यांतल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "चांगलं हाय की. पर आमच्या रानात ह्यापेक्षा लई असत्यात." त्या खरंच बोलत होत्या, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. एप्रिल-मे महिन्यांत काही लोक निव्वळ गारव्याला यायचे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि आत थंडगार रात्र. पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू व्हायचं. पहिली काही वर्षं मला राग यायचा, मी मुद्दाम आवाज चढवायची. मग वाटलं, चांदण्यांखाली झोप लागली तर त्यात रागावण्यासारखं काय आहे? आपल्या गावाची ही जुनी सवयच आहे. तेव्हापासून मी उन्हाळ्यात हलक्या आवाजात बोलायची आणि झोपलेल्यांच्या तोंडावर बाण मारायची नाही.

माझा एक नेम मात्र कडक होता. दिवस मावळवण्याआधी मी दर खेपेला सांगायची, "हे आकाश खरं नाही. हा दिवा आहे आणि ही भिंगं आहेत. खरं आकाश बाहेर आहे." सहकारी चिडवायचे की, मॅडम जादूगार आहेत आणि आधी टोपी उलटी करून दाखवतात. पण मला ते वाक्य म्हटल्याशिवाय बटणाला हात लावता येत नसे. माझ्या खेळात खोटं असेल, पण फसवणूक नसेल, असा मला अभिमान होता. तो अभिमान मी कुठं घालवला, तेच सांगायला बसले आहे.

त्या वाक्यानंतर दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. "डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. मग सगळ्यांना दिसेल."

निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी, एका श्रावणात, खेळ संपल्यावर सगळे पांगले तरी एक जोडपं खुर्चीतच बसून होतं. गृहस्थ साठीच्या अलीकडे, पांढरा शर्ट, पाठ ताठ. बाईंनी त्यांचा हात धरला होता. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? तुमी दहा मिन्टं म्हणता न्हवं, माझी ती अजून झाली न्हाईत. हा तिसरा रविवार हाय."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी सावकाश सांगितलं तेव्हा समजलं. त्यांचं नाव अंबादास, बायकोचं पद्मा. पूर्व भागातलं तेलुगू विणकराचं घर, यंत्रमागावर चादरी विणण्यात हयात गेली. लहानपणापासून रातांधळेपणा. दिवस कलला की दुसऱ्याचा हात धरायचा. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत दिवसाची नजरही कडांकडून आत आत येत चाललेली. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण एखाद्या नळीतून पाहावं तेवढंच. "तुटलेला धागा मला तुमच्या आधी दिसंल," ते म्हणाले, "पर शेजारी उभा असलेला माग दिसत न्हाई. धडकतो." म्हणून मागावरचं काम सुटलं. आता घरी बसून चादरींच्या काठाला गोंड्यांच्या गाठी मारायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, ही नळी आणखी बारीक होत जाणार आणि एक दिवस बंद होणार. म्हणून त्याआधी त्यांना एक चांदणी पाहायची होती. आयुष्यात एकही पाहिली नव्हती.

"मग तीन रविवार तुम्हाला इथं काय दिसलं?" मी विचारलं.

"बाण," अण्णा म्हणाले. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला अण्णा म्हणतात, मीही म्हणू लागले. "बाकी सगळं काळं. त्यात तुमचा बाण फिरतो. लई छान फिरतो मॅडम. मी त्याच्या मागं मागं जातो. वाटतंय, आता हा जितं थांबंल तितं दिसंल."

घरी गेले तरी ते डोक्यातून जाईना. 'मग सगळ्यांना दिसेल' हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन. त्या अंधारात असे किती जण आपली दहा मिनिटं संपायची वाट पाहत बसले असतील आणि न विचारताच उठून गेले असतील. मला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, हे सरळ सांगते.

पावसाळी आभाळ होतं, त्यामुळे विद्यापीठाच्या वेधशाळेतली दुर्बीण झाकून ठेवलेली. आमच्या गोळ्यातल्या चांदण्यांचा उजेड वाढवायला मर्यादा. मग मी एक उद्योग केला. घरातला शेंगाचटणीचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, तीनदा घासला, खिळ्यानं त्याला सात ठसठशीत भोकं पाडली, सप्तर्षींच्या आकारात. आत मोटारसायकलचा दिवा बसवला. दोन आठवड्यांनी दोघांना एका सुट्टीच्या दुपारी बोलावलं. अण्णांना भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं, डबा त्यांच्या मागं स्टुलावर ठेवला, अंधार केला आणि दिवा लावला.

छताच्या उतारावर सात पांढरे ठिपके पडले, वाटीएवढे. त्यांच्या नळीत एका वेळी एकच मावणार, म्हणून मी बाण पहिल्यावर नेला आणि थांबले.

"दिसली?"

बराच वेळ गेला. मग ते हळूच म्हणाले, "दिसली."

दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी "दिसली." सातवीला त्यांचा आवाज भरून आला. पद्माताई पदरानं डोळे पुसत होत्या. आणि मी ते वाक्य बोलले नाही. हे आकाश खरं नाही, हा डबा आहे, एवढंच म्हणायचं होतं. आजच्या दिवस राहू दे, असं मनाशी म्हटलं आणि दिवा मालवला.

दिवाळीत पद्माताई एकट्या माझ्याकडे आल्या, शेंगांच्या पोळ्या घेऊन. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, एक सांगा. चांदण्या वाटीएवढ्या असत्यात का?"

मी त्यांचा कप पुन्हा भरायला घेतला.

"हे गल्लीत सगळ्यांना सांगत्यात. सात बघितल्या म्हणून. एकेक वाटीएवढी म्हणून. पोरं हसत्यात. मी परवा अंगणात उभी राहून नीट बघितलं. एवढ्याशा असत्यात की." त्यांनी नखाचं टोक दाखवलं.

"तारांगणात मोठ्या दिसतात," मी म्हणाले. ही दुसरी लबाडी.

त्यांनी कप बाजूला सारला. "खरं सांगू का, त्यांची सवय हाय. लहानपणी उन्हाळ्यात सगळी भावंडं उघड्या माडीवर झोपायची. चांदण्या मोजायची. ह्यांना दिसायचं न्हाई, तरी हे बी मोजायचे. चाळीस म्हणायचे, पन्नास म्हणायचे. भाऊ म्हणायचा, ती बघ तुटली, तर हे म्हणायचे, बघितली. लगीन झाल्यावर पयल्या उन्हाळ्यात मला बी दाखवली, ती बघ म्हणून. तितं काय बी नव्हतं. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून न दिसलेलं बी दिसलं म्हणत्यात. म्हणून इचारते मॅडम, तुमच्याकडं त्यांना खरंच काय दिसलं का?"

मी अण्णांना फसवलं होतं हे मला ठाऊक होतं. पण त्यांनीही मला बरं वाटावं म्हणून सात वेळा 'दिसली' म्हटलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोघांनी एकमेकांचं मन राखलं होतं आणि मध्ये चांदणी कुठंच नव्हती.

"माघात आणा त्यांना," मी म्हणाले. "संध्याकाळी. वेधशाळेत. तेव्हा खरी दाखवते."

माघच का, तेही सांगते. गुरू त्या दिवसांतही दाखवता आला असता आणि तो चांगला ठळक असतो. पण तो ग्रह. ह्या माणसाला चांदणी हवी होती, आणि एकाच्या नावावर दुसरं खपवायचा उद्योग मी एकदा करून बसले होते. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा व्याध. संक्रांत उलटली की तो दिवेलागणीनंतर चांगला वर आलेला असतो. आमची दुर्बीण मोठ्या आरशाची, डोळा गोळा करील त्याच्या कितीतरी पट उजेड ती गोळा करते. आणि दुर्बिणीबद्दल लोकांची एक कायमची तक्रार असते. तासभर रांगेत उभं राहून डोळा लावतात आणि म्हणतात, "हे काय, एवढंसंच गोल दिसतं?" कडेचं काही दिसत नाही, नळीतून पाहिल्यासारखं वाटतं, म्हणून नाराज होतात. इतकी वर्षं ती तक्रार ऐकताना मला कधी सुचलं नव्हतं की, जगात असाही माणूस असेल ज्याला ते गोल अगदी घरच्यासारखं वाटेल.

ते तीन महिने मला फार लांब गेले. अण्णांच्या नजरेची नळी बारीक होत होती. पौषात पद्माताईंचा फोन आला की, हे आता ताटातली वाटी चाचपडतात. मी दुर्बिणीचा आरसा तपासला, घुमटाच्या चाकांना तेल दिलं, गच्चीवरचे दिवे बंद ठेवायला दोनदा पत्र लिहिलं. घरी आमचे हे म्हणाले, लग्नाची तयारी चाललीय जणू.

माघातल्या त्या संध्याकाळी साडेसातला दोघं आली. वेधशाळा भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या गच्चीवर, लोखंडी जिन्यानं वर जायचं. अण्णा पायऱ्या मोजत आले. बावीस भरल्या. वर वारा होता, थंडी बेताची, दूर महामार्गावरच्या ट्रकचे आवाज. पद्माताई थांबून वर पाहत होत्या आणि अण्णा त्यांच्याकडे तोंड करून उभे होते.

घुमटात शिरल्यावर, दुर्बिणीला हात लावण्याआधी मला माझं वाक्य म्हणायचं होतं. "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला दाखवलं ते आकाश नव्हतं. आमच्या यंत्रातलंही नव्हतं. तो डबा होता. मी भोकं पाडली होती."

"शेंगाचटणीचा," अण्णा म्हणाले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"दिवा तापला की लसणीचा वास सुटला मॅडम. आमच्या घरातला वास मला कळणार न्हाई व्हय?" ते हसत होते. "तुमी एवढी भोकं पाडली, एवढा खटाटोप केला. कशाला बोलायचं म्हटलं."

"मग गल्लीत सांगत कशाला फिरलात?" पद्माताई फणकारल्या.

"आता मॅडमनी केलंय म्हटल्यावर," ते म्हणाले आणि थांबले.

मला हसूही आलं आणि रडूही. पण त्याच वेळी एक शंकाही आली. हा माणूस माझ्यासाठी गल्लीभर हसं करून घेतो, तो आत्ता डोळा लावून काहीच दिसलं नाही तरी 'दिसली' म्हणणार नाही कशावरून? आणि त्यानं तसं म्हटलं तर मला कधीच कळणार नाही. पद्माताईंच्या मनातही तेच होतं. आमची दोघींची नजरानजर झाली.

"अण्णा, मला एक वचन द्या," मी म्हणाले. "नाही दिसली तर नाही म्हणायचं."

त्यांनी मान हलवली.

मी व्याध धरला. गोलाच्या बरोबर मध्ये, झगझगीत, निळसर पांढरा, थंडीत शहारल्यासारखा. त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावून डोळा भिंगापाशी आणला.

"न्हाई," ते म्हणाले.

डोळा किंचित सरकवला. भिंगाशी डोळा जुळवणं डोळसांनाही पटकन जमत नाही. "न्हाई." मी पुन्हा पाहिलं, तारा कडेला गेला होता, मध्ये आणला. "न्हाई मॅडम. काळंच हाय." पद्माताईंनी दुर्बिणीभोवतीचा कठडा घट्ट धरला होता. चौथ्या खेपेला ते काहीच बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग तोही ऐकू येईना.

मी विचारलं नाही. 'दिसली?' हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

बऱ्याच वेळानं ते बोलले, आणि मला नाही, स्वतःशीच. "चालली की."

"काय?"

"ही चाललीया. एका अंगाला सरकतीया. हळूहळू." त्यांचा हात वर आला आणि हवेत एका बाजूला सरकत गेला, मागावरून कापड पुढं जावं तसा. "डब्यातली हालत न्हवती मॅडम. ही चालती."

मी चमकून दुर्बिणीच्या खालच्या पेटीकडे पाहिलं. लाल दिवा बंद होता. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीतला तारा दोन मिनिटांत गोलाबाहेर निघून जातो. तो जाऊ नये म्हणून दुर्बिणीला एक मोटर असते, ती ताऱ्यामागोमाग दुर्बीण फिरवत राहते. आकाश दाखवण्याआधी ही मोटर चालू करायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ती विसरली म्हणून मी किती मदतनिसांना फैलावर घेतलं असेल. त्या संध्याकाळी डब्याची कबुली द्यायच्या नादात मीच ती चालू करायला विसरले होते.

दुर्बिणीतला तारा असा सरकतो हे मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं. ते ज्याला दिसतं त्यालाच कळतं.

मी पद्माताईंना खूण केली. त्या कठडा सोडून जवळ आल्या आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी डोळा हलवला नाही. "पद्मा, चुक्क," ते म्हणाले. त्यांच्या तेलुगूत चांदणीला चुक्क म्हणतात. "एवढीशीच असती गं. तू म्हणतीस तेवढीच."

"मी काय खोटं बोलीन व्हय," त्या म्हणाल्या.

मी मोटरच्या बटणाकडे हात नेला होता. ते दाबलं असतं तर तारा गोलाच्या मध्ये खिळून राहिला असता, आम्ही सगळ्या पाहुण्यांना दाखवतो तसा. मी हात मागं घेतला.

तारा कडेपर्यंत गेला आणि अण्णा म्हणाले, "गेली." मी तो परत आणला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटच्या खेपेला त्यांनी स्वतःच डोळा काढला, उठून उभे राहिले आणि अंधारात बायकोचा हात शोधला.

"आता तू बघ," ते म्हणाले. "घाई कर. चालती ती."